दगडफूल जगलं, त्या अंगणात

२१ एप्रिल १९७४, रविवार

बाबा,

कसे आहात असं विचारत नाही. तुम्ही कसे आहात ते मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उतारावर दिसतं. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता, मग पाइप पेटवता, मग माझ्या घराकडे पाठ करून बाकावर बसता. मुद्दाम. बाप तीन गल्ल्या सोडून राहतो आणि त्याला पोस्टानं पत्र लिहावं लागतं, अशी वेळ कारखान्याच्या कॉलनीत कुणावर आली नसेल. माझ्यावर आली. येऊ दे.

तुम्ही म्हणालात, "माझं दार तुला बंद." मी म्हणाले, "वाजवणार कोण?" दोघंही एकाच मातीचे. म्हणून हे पत्र. समोर आले तर तुम्ही ओरडाल, मी रडेन, आणि मला रडायचं नाहीये.

ईस्टरच्या दिवशी माझ्या टेबलावर बसून माझा केक खाल्लात, मग अंगणात गेलात आणि नासपतीच्या झाडावरची माझ्या भाडेकरूची, प्रोफेसरांची फळी उपटून बुटाखाली चिरडलीत. मारेन बघत होती. अडीच वर्षांची पोर. "आजोबा, नको" म्हणाली. पूर्ण म्हणाली, दोन्ही शब्द. हल्ली तिच्या तोंडून एवढंही निघत नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

फळीवर काय होतं? दगडफूल. वरच्या जंगलातल्या ओकवरून सालीसकट कापून आणलेले गोल गोल तुकडे, लाकडात बसवलेले. बाँब नव्हता बाबा. प्रोफेसर अशा फळ्या अख्ख्या दरीत टांगतात आणि बघत राहतात, कुठलं दगडफूल जगतं आणि कुठलं मरतं. ते मेलं तर तिथली हवा वाईट. झालं. एवढ्यासाठी तुम्ही त्याला "हरामखोर" म्हणालात, तेही तो वरच्या खोलीत असताना. भिंती कारखान्यानं बांधल्यात, पातळ आहेत. त्यानं सगळं ऐकलं.

आणि मला म्हणालात, "भाडेकरू म्हणून कुणालाही ठेव, पण त्या लाम्बर्टला ठेवलंस तर बाप विसर."

मला भीती वाटते. सांगते, लपवत नाही. मारेन जेवत नाही. पोट धरून बसते. रंग मेणबत्तीसारखा झालाय. जिना चढताना मध्येच बसते, म्हातारीसारखी. इथला डॉक्टर म्हणतो, "पहिलं मूल आहे, आया घाबरतात." युप तर बाप आहे तिचा, तोही म्हणतो, "डॉक्टर म्हणतोय ना, मग गप बस." मी गप बसले होते. आता नाही.

नवी फळी लावली आहे. त्याच फांदीवर. मी स्वतः खिळा ठोकला. उपटायला आलात तर मी अंगणातच असेन.

लिंडे


१९ मे १९७४

बाबा,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती. पण पोस्टमन म्हणाला, तुम्ही ते घेतलंत आणि खिशात ठेवलंत. शेगडीत नाही टाकलंत. तर मग हेही घ्या.

तुमच्या त्या लाम्बर्टबद्दल लिहिते. लाम्बर्ट हुप्पर्ट्स. कॉलनी त्याला दगडफुल्या म्हणते. काल बिला काकू कुंपणावरून ओरडली, "काय गं लिंडे, तुझा दगडफुल्या आज कुठल्या झाडाची नाडी बघणार?" मी म्हटलं, "तुमच्या झाडाची बघितली काकू, बिचारं केव्हाच गेलं." तर हसली. ती हसते तरी. बाकीच्या तोंड फिरवतात.

तुम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसायचात हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. त्यानं सांगितलं. म्हणाला, "मॅथेस माझ्यापेक्षा हुशार होता. गणितात तर फारच. पण मास्तरला एकालाच शहराच्या शाळेत पाठवता येत होतं, आणि माझा बाप नुकताच गेला होता, म्हणून दया येऊन मला पाठवलं." तुम्ही चौदाव्या वर्षी शिशाच्या भट्टीवर गेलात. म्हणून राग का? तर मग रागाचं ठीक आहे, पण तो माझ्या नासपतीवर नका काढू.

संध्याकाळी तो खाली येऊन बसतो. मी बटाट्याची धिरडी करते, तो सफरचंदाच्या मुरंब्याशी खातो आणि मारेनला गोष्ट सांगावी तसं स्वतःचं सांगतो. त्याचा बाप भट्टीच्या पोटदुखीनं गेला, लोळत लोळत, ते तुम्हाला माहीत आहेच. मग युद्ध, मग रशियात कैद. तिथं उपासमार. हा माणूस दगडफूल राखेच्या पाण्यात उकळून कडूपणा काढायचा आणि खायचा. "मी त्याचं देणं लागतो," म्हणतो, आणि हसतो. पुढचे दात त्याचे खोटे आहेत, हसताना हलतात.

सुटून आला आणि शिकला. मग सुमात्राला गेला, काही वर्षं राहिला. कशासाठी, तर गोगलगाई! एका नदीच्या ह्या काठाला एक गोगलगाय, त्या काठाला दुसरी. दोन्हीकडे तेच झाड, तोच पाऊस. मग ही पलीकडे का जात नाही? ह्यावर त्यानं जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्याच्यावर तो प्रोफेसर झाला. बायको तोवर कंटाळून दुसऱ्याबरोबर गेली. युप म्हणाला, "गोगलगाईमागं गेला आणि बायको पळाली." प्रोफेसर म्हणाला, "तिचा वेग जास्त होता." दोघं इतके हसले की मारेनही हसली.

त्याचा धंदा काय ते मला आता कळलं. लोक विचारतात, कोण कुठं राहतं. हा विचारतो, कोण कुठं राहत नाही आणि का नाही. एवढंच. त्याचेच नकाशे काढतो. सुमात्राचे काढून झाले तेव्हा म्हणे एक दिवस त्याला वाटलं, मी जगभर फिरलो आणि माझ्या बापाच्या दरीत काय जगत नाही ते बघितलंच नाही. विद्यापीठ म्हणालं, गोगलगाई बऱ्या आहेत, गोगलगाईच बघा. कारखाना विद्यापीठाला प्रयोगशाळा बांधून देतो, हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्याला कळलं. तरी आला.

त्याच्या नकाशावर आपली दरी हिरवी आहे. मध्ये एक पांढरा पट्टा, धुराड्यापासून वाऱ्याच्या दिशेनं लांबट, अंड्यासारखा. त्या पांढऱ्यात दगडफूल नाही. एकही नाही. तुमचं घर पांढऱ्यात आहे बाबा. शाळाही. माझं घर पट्ट्याच्या बाहेर, काठावर. म्हणूनच त्यानं माझ्याकडे फळी लावली. तुलना करायला, म्हणतो. माझ्या नासपतीवरचं दगडफूल चांगलं जगतंय. टवटवीत आहे.

मग माझी पोर का सुकतेय, हे मी त्याला विचारलं. तो धिरडं अर्धं टाकून वर गेला.

लिंडे


१० जून, सोमवार

बाबा,

मारेनच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे.

शहरातल्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली. तरुण आहे, माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी. मला वाटलं मला वेडी म्हणेल. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घरी काय खाते? कशाशी खेळते? नळ कसला आहे?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "औषध आहे. सुया द्याव्या लागतील, बरेच आठवडे ठेवून घ्यावं लागेल. पण शिसं कुठून येतंय ते आधी शोधा. नाहीतर मी काढायचं आणि तुम्ही घरी नेऊन परत भरायचं, असं होईल."

घरी आल्यावर युप म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. घर कारखान्याचं, नळ कारखान्याचा, उद्या ढेकर द्यायची तर फोरमनला विचारून द्यावी लागेल."

मी वर गेले. प्रोफेसरांना सांगितलं. मला वाटलं होतं हा तरी माझ्या बाजूनं उभा राहील. त्याचा चेहरा पडला, बाबा, पण मारेनसाठी नाही पडला. आधी नकाशाकडे बघितलं त्यानं. नंतर माझ्याकडे. म्हणाला, "हे बसत नाही. तुमच्याकडे दगडफूल जगतंय."

मग म्हणाला, अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. कारखान्याला नवी भट्टी बांधायची आहे, त्यावर सरकारी माणूस लोकांचं ऐकणार. तिथं हा नकाशा मांडणार. तोवर मी मारेनचं कुणाला सांगू नये. कारण कारखान्याचा वकील म्हणेल, स्वच्छ हवेतलं मूल आजारी, म्हणजे नकाशा खोटा. नकाशा पडला की सगळ्या दरीची केस पडली. "फक्त सुनावणीपर्यंत," म्हणाला. "लिंडे, मी विनंती करतो."

आठवी झालेली बाई, हिला काय कळणार, असं वाटलं असेल त्याला. मी म्हणाले, "तुमचं दगडफूल बोलतं म्हणता ना तुम्ही? सालीला चिकटलेलं बुरसट ते, ते बोलतं आणि माझी पोर गप्प बसणार? आधीच तिचे शब्द चाललेत."

"मी तसं म्हणत नाही—"

"तसंच म्हणताय. माझ्या बापासारखंच बोलताय. तोही म्हणतो, गप बस. युपही म्हणतो. तिघांचं एकमत झालं, अभिनंदन."

आणि दार आपटून खाली आले. भाडं आगाऊ दिलंय म्हणून, नाहीतर त्याला त्याच दिवशी फळ्यांसकट बाहेर काढला असता.

तुम्हाला आनंद होईल हे वाचून. होऊ दे.

लिंडे


१४ जून, शुक्रवार

बाबा,

हे पत्र बसून वाचा. उभ्यानं नको.

तीन दिवस प्रोफेसर माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी नाही. काल सकाळी खिडकीतून बघते तर अंगणात गुडघ्यावर. चांगली पँट, आणि चिखलात. नळापाशी, कोबीच्या वाफ्यात, झाडाखाली, नाक जमिनीला लावून फिरतोय. बिला काकू कुंपणावरून म्हणाली, "काय हरवलं हो?" तो म्हणाला, "मुंग्या शोधतोय." ती म्हणाली, "माझ्या साखरेच्या डब्यात या, भरपूर आहेत."

मी बाहेर गेले. रागातच. म्हटलं, "आता मुंग्यांचा नकाशा?"

तो वर न बघता म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात. मी दोन वर्षं वर बघतोय. झाडावर. हवेकडे. मुलं खाली राहतात." मग विचारलं, "ह्या अंगणात कुठं काहीच उगवत नाही?"

आणि बाबा, मी अभिमानानं सांगितलं. हसत सांगितलं. "इथं," म्हटलं. "मारेनच्या खेळायच्या वाळूत. तीन उन्हाळे झाले, एक तण नाही. मांजरंसुद्धा घाण करत नाहीत. कॉलनीत सगळ्यांकडे अशीच असते, भट्टीत गाळून उरलेली काळी वाळू. बाहेरच्या पिवळ्या वाळूत बघा कसं गवत माजतं."

बोलता बोलताच मला कळलं, मी काय बोलतेय.

तो वाळूच्या चौकटीपाशी गेला. मुंगी नाही. गांडूळ नाही. फळ्यांच्या फटीत साधं शेवाळ नाही. मारेनची लाल बादली तिथंच होती, आणि चमचा. ती त्या वाळूचे केक करते आणि खाते. सगळीच पोरं खातात. मीसुद्धा खाल्ली असेल, तुम्ही माझ्यासाठी आणली होतीत तेव्हा.

त्यानं मूठभर वाळू पिशवीत घेतली आणि शहरात नेली. आज परत आला. मला आकडे सांगू लागला, मी म्हटलं, आकडे नकोत. आहे की नाही सांगा. म्हणाला, "आहे. धुराड्यातून महिन्यात पडत नाही तेवढं त्या बादलीत आहे."

तुम्ही आणलीत ती. मारेन झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. हातगाडीला गुलाबी फीत बांधून, टोपी तिरकी करून, गल्लीभर हाका मारत, "आजोबा झालो रे!" फोरमननं गाडी भरून दिली, सगळ्यांना देतात तशी. कॉलनीत मूल झालं की भट्टीवरच्या आजोबानं काळी वाळू आणायची. आजोबा नसेल तर तुम्ही आणायचं, कारण गाडी तुमच्याकडे. एवढ्या वर्षांत कॉलनीतल्या किती पोरांना तुम्ही खेळायला वाळू दिलीत ते तुम्हालाच माहीत.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये. पण सोडायलाही लिहीत नाहीये. तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. आता माहीत झालंय. आजपासून जे कराल ते माहीत असून कराल.

मी आमची वाळू युपबरोबर पोत्यात भरली. शेवटी त्यानं पोतं बांधलं आणि म्हणाला, "सुनावणीला मी येतो. सुट्टी नाही दिली तरी येतो."

बाकीच्या घरी तुम्ही जा. कुणाकुणाच्या अंगणात आहे ते मला माहीत नाही, प्रोफेसरांना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. आणि अठ्ठावीस तारखेला या. तुमच्याशिवाय हे कुणी सांगू शकत नाही की वाळू कारखाना देतो.

लिंडे


२९ जून, शनिवार

बाबा,

आलात. तेवढं तरी केलंत. शेवटच्या रांगेत, भट्टीवाल्यांच्या मध्ये, मांडीवर टोपी घेऊन बसला होतात. मी पुढून मान वळवून दोनदा बघितलं. तुम्ही टोपीच्या आत बघत होतात, जसं काही तिथं काही लिहिलंय.

काय झालं ते तुम्ही अर्धंच पाहिलंत, म्हणून पुढचं सांगते. आणि तुम्ही पाहिलंत तेही सांगते, कारण तुम्ही ते मनात वेगळं लावून घ्याल. ओळखते मी तुम्हाला.

प्रोफेसर उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "या दगडफुल्या, आमटीत घाला!" सगळे हसले. त्यानं नकाशा लावला. पांढरा पट्टा दाखवला. शाळा दाखवली. हॉल शांत झाला. तेव्हा त्याला थांबता आलं असतं, बाबा. खाली बसला असता तर जिंकला असता. मी वकिलाच्या तोंडाकडे बघत होते, त्याला घाम आला होता.

पण तो म्हणाला, "हा नकाशा अपुरा आहे."

वकील टुणकन उठला. "अपुरा म्हणजे चुकीचा?"

"अपुरा म्हणजे अपुरा. पट्ट्याच्या बाहेर एक मूल आजारी आहे. माझ्या नकाशाप्रमाणे ते ठणठणीत असायला हवं होतं."

"म्हणजे नकाशा खोटा, किंवा आई खोटी. काय ते ठरवा, प्रोफेसरसाहेब."

"आई खरी आहे," तो म्हणाला. "मी हवेत शोधत होतो, तिनं जमिनीत दाखवलं. नकाशा मला परत काढावा लागेल." त्याच्या विद्यापीठाचे दोन जण पहिल्या रांगेत होते. एकानं डोक्याला हात लावला.

मग मला बोलावलं. युपनं मागून कोटाला धरलं होतं, पडले तर सावरायला. मी वाळूचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. ती केक करून खाते ते सांगितलं. बायका रडत होत्या, बिला काकूचा नातू मारेनएवढाच आहे, ती उठून उभी राहिली होती.

आणि मग तो वकील शांतपणे म्हणाला, "कारखान्यानं अशी वाळू कधीही कुणाला वाटलेली नाही. ती आवाराबाहेर गेली असेल तर ती कामगारांनी चोरून नेली असेल. तुमच्याकडे कुणी आणली, बाई? नाव सांगा."

हॉलमध्ये इतकी माणसं. भट्टीवरची. प्रत्येकानं आणलेली. प्रत्येकाला फोरमननं गाडी भरून दिलेली. फोरमनही तिथंच बसला होता. एक माणूस बोलला नाही.

मी नाव घेतलं नाही. तुमच्यासाठी नाही घेतलं असं समजू नका. मी ते घेतलं असतं तर तुम्ही एकटे चोर ठरला असतात आणि बाकीचे घरी जाऊन जेवले असते. मी म्हटलं, "ज्यांनी आणली ते मागं बसलेत. त्यांना चोर म्हणालात ना? मग त्यांच्याकडे बघून म्हणा. माझ्याकडे काय बघता?"

सगळ्या माना वळल्या. तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटलं, बोलणार. चौदाव्या वर्षापासून भट्टीवर, आज उभे राहून एक वाक्य बोलणार, आम्हाला ती देत होते.

तुम्ही टोपी घातलीत आणि निघून गेलात. दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

कारखान्यातल्या कुणी मला चोराची मुलगी म्हटलं नव्हतं आजवर. आता म्हणतील. तुम्ही म्हणू दिलंत.

सुनावणी एकोणीस जुलैला पुन्हा आहे. सरकारी माणसानं वाळूचा प्रश्न नोंदवून घेतलाय, कुणाला साक्ष द्यायची असेल तर त्या दिवशी द्या म्हणाला.

लिंडे


८ जुलै, सोमवार

बाबा,

काल आपण फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. कॉलनीत इतकी ओरड झाली की कोंबड्यांनी अंडी टाकली असतील. मी बघितला नाही. मी हॉस्पिटलात होते.

मारेनला एक तारखेला ठेवून घेतलं. रोज सुई. पहिल्या दिवशी दोन नर्सेसना धरावी लागली, आता हात स्वतःच पुढे करते आणि तोंड फिरवते. मला ते जास्त लागतं. डॉक्टरीण म्हणते शिसं उतरतंय. शब्द परत येतील का, विचारलं. म्हणाली, "मी वचन देत नाही. लवकर आणलंत, एवढंच सांगते." मी अजून घाबरते.

फोरमन युपकडे आला होता. म्हणाला, "बायकोला आवर, नाहीतर घर खाली करावं लागेल." युप म्हणाला, "मी सात वर्षं प्रयत्न करतोय. तुम्ही करून बघा, ती आत आहे." फोरमन आत आला नाही. घर जाईल बहुतेक. जाऊ दे, प्रोफेसर म्हणतो वरच्या जंगलापाशी दोन खोल्या आहेत, तिथं ओकच्या सालीवर पंजाएवढं दगडफूल आहे. मी म्हटलं, आधी जमीन बघू.

त्याची जागा गेली. विद्यापीठानं सांगितलं, जो स्वतःचाच नकाशा भर सभेत अपुरा म्हणतो त्याच्या हाताखाली मुलं कशी द्यायची. सुमात्राचं पुस्तक लिहिणारा माणूस, बावन्न वर्षांचा, आता कॉलनीत दारोदार जाऊन गुडघ्यावर बसतो आणि विचारतो, "इथं मुंग्या दिसतात का हो?" मी म्हटलं, वाईट वाटतं का? म्हणाला, "गोगलगाय पलीकडच्या काठावर का जात नाही ते मला कधीच नक्की सांगता आलं नाही. इथं निदान कारण हाताला लागलं." मग म्हणाला, "तुम्हाला गप्प राहायला सांगितलं त्याचं वाईट वाटतं." मी म्हटलं, वाटू द्या. आणि त्याला वाढलं.

तुमच्याबद्दल बिला काकूनं सांगितलं. सुनावणीनंतरच्या सोमवारी दिवसाढवळ्या तिच्या दारात फावडं घेऊन उभे राहिलात. ती म्हणाली, "काय मॅथेस?" तुम्ही काही न बोलता तिच्या नातवाची वाळू उकरून नेलीत. मग पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. कुणी दार लावून घेतलं तर कुंपणावरून आत गेलात म्हणे, ह्या वयात, पँट फाटली. फोरमन सायकल थांबवून बघत उभा होता, तरी थांबला नाहीत.

ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. चांगलं केलंत. खरंच चांगलं केलंत.

पण पुरेसं नाही बाबा. वाळू उचलली की वकील म्हणेल, चोरांनी चोरीचा माल लपवला. फावड्यानं नाही होणार. तोंडानं बोलावं लागेल, माणसांत, फोरमनच्या देखत. ते तुम्हाला जमत नाही. आई गेली तेव्हाही तुम्ही लाकडं फोडत बसला होतात.

म्हणून मी एक केलंय. विचारून नाही, सांगून करतेय. हॉस्पिटलात बुधवारी आणि रविवारी भेटायला सोडतात, दोन ते चार, एका वेळी घरचं एकच माणूस. येत्या रविवारसाठी मी नर्सकडे तुमचं नाव दिलंय. ती म्हणाली, "आजोबा नक्की येतील ना? पोरं दाराकडे बघत बसतात." मी म्हटलं, येतील.

तुम्ही तिथं जा आणि तिला सांगा. वाळू मी आणली, मला फोरमननं दिली, मला माहीत नव्हतं. एवढंच. तिला कळणार नाही, ती तुमच्या पाइपशी खेळेल. पण एकदा तोंडातून निघालं की एकोणीस तारखेला दुसऱ्यांदा निघेल.

युप कामावर असेल. आणि मी त्या दिवशी जाणार नाहीये. तुम्ही नाही गेलात तर दोन ते चार तिच्याजवळ कुणीच नसेल.

लिंडे